रंगवलेला अँटेना

डोंगरमाथ्याकडे जाणारा रस्ता शेवटच्या दोन वळणांवर इतका अरुंद होतो की जीप एका दमात वळत नाही. थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढावी लागते. ती मागे सरकू लागली की मी मांडीवरचे दोन डबे छातीशी घट्ट धरत होतो. उरलेले चार जुन्या रजयांत गुंडाळून माझ्या आणि ताईच्या पायांमध्ये ठेवले होते.

"अंडी उबवतोयस का रे?" ताईने विचारले.

"जरा हळू चालवायला सांग ना."

"मला सांगायचंय तर मलाच सांग," गाडी चालवणारे सेक्रेटरी म्हणाले. "मी काय परगावी बसलोय?"

पुढच्या बाकावर मोठेकाका होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ताईचे वडील, आणि आमच्या हौशी रेडिओ क्लबातले सर्वांत जुने सभासद. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून ते समोर पाहत राहिले. हसले असावेत, त्यांच्या हसण्याचा पुरावा मानेच्या मागच्या बाजूलाच मिळतो, आणि तिथली घडी किंचित हलली होती.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांना रिपीटर म्हणजे काय हे सांगताना मी नेहमी अडखळतो. दरीच्या तळाशी कोणी हातातल्या छोट्या रेडिओवर बोलले, तर तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून तिथेच संपतो. माथ्यावरचे यंत्र तो क्षीण आवाज ऐकते आणि त्याच क्षणी, एक शब्दही न बदलता, मोठ्याने पुन्हा सांगते. मग तो दरीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येतो आणि डोंगरापलीकडच्या शहरातही. इतकेच. पण हे ऐकणे आणि हे बोलणे एकाच अँटेनातून, एकाच वेळी चालते. आणि जो ऐकता ऐकता बोलतो त्याला एक मोठे भय असते, ते म्हणजे आपल्याच आवाजाने आपण बहिरे होण्याचे. ते होऊ नये म्हणून यंत्र आणि अँटेना यांच्या मध्ये सहा उंच डबे बसवतात. ते यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्या कानापासून दूर ठेवतात.

क्लबासाठी नवा रिपीटर मी जुळवत होतो; त्याचे ते सहा डबे मी हाताने केले होते. तांब्याचा पत्रा वळवणे, सांधे भरणे, झाकणातून आत जाणारी कांडी केसाच्या अंतराने वरखाली करून प्रत्येक डबा नेमका जुळवणे, या कामात माझी दोन वर्षे गेली. मोठेकाकांचे आयुष्य लेथमशीनवर गेलेले. पहिला डबा मी त्यांना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून आतून पाहिला, बाहेरून पाहिला, बोटाने वाजवला, आणि म्हणाले, "पाणी प्यायला बरा आहे." मी तो मोडला. चौथ्या खेपेला ते काही बोलले नाहीत. आपल्या कपाटातून मऊ फडके काढून त्यांनी तो पुसला आणि माझ्या हातात ठेवला. त्या फडक्याइतका मोठा मान मला पूर्वी कोणी दिला नव्हता, आणि घरी येईपर्यंत तो डबा मी पिशवीत घातला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी माथ्यावरचे जुने यंत्र विजेने जळाले आणि माझ्या संथपणाला एकाएकी मुदत मिळाली. दरीत फोन लागत नाहीत. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या क्लबाच्या सभासद. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनेही त्यांच्याच आग्रहाने परीक्षा देऊन रेडिओचा परवाना घेतलेला. बाईंचे बाहेरच्या जगाशी बोलणे आमच्या यंत्रावरून होत असे, आणि तीन आठवडे ते बंद होते. सेक्रेटरींनी शेजारच्या शहरातल्या क्लबाकडून एक तयार पेटी उसनी मागून आणली. ती आता जीपच्या मागच्या भागात, कारखान्याच्या खोक्यातच, माझ्याकडे पाठ करून बसली होती.

"हे बघ," माथ्यावरच्या खोलीचे कुलूप उघडताना सेक्रेटरी म्हणाले. ते औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले; प्रत्येक गोष्ट दिवसातून किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर, अशा सुरात सांगतात. "मी तुझ्या विरुद्ध नाही. पण बाईंना आणखी एक आठवडा तसंच ठेवता येणार नाही, आणि अंधार पडायच्या आत आपल्याला तो घाट उतरायचाय. चारपर्यंत तुझं यंत्र. चाराला ते चाललं नाही तर माझी पेटी, आणि तुझं परत घरी. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

ती खोली दहा पावले लांब आणि सात पावले रुंद आहे. एका भिंतीशी बॅटऱ्या, दुसऱ्या भिंतीशी लोखंडी मांडणी, आणि छताजवळ केबल आत येण्यासाठी पाडलेले भोक, ज्यातून वारा दिवसभर एकच सूर धरून वाजत असतो. बाहेर साठ फुटांचा टॉवर. त्याच्या टोकाला आमचा नवा अँटेना ताईने आधीच्या रविवारी बसवला होता. ती टेलिफोन कंपनीच्या टॉवरांवर चढण्याचे काम करते, आणि जमिनीवर असताना तिला सदैव किंचित कंटाळा आलेला असतो.

त्या टॉवरच्या मध्यावर, नव्या अँटेनाच्या बऱ्याच खाली, आणखी एक अँटेना होता. त्याला कोणतीही केबल जोडलेली नव्हती. तो मोठेकाकांचा. क्लबाचा पहिला रिपीटर बसवला तेव्हा त्यांनी तो तांब्याच्या नळ्यांतून स्वतः वळवला होता, स्वतः वर नेऊन बसवला होता, आणि एकोणीस वर्षे त्याने काम केले होते. नदीवरचा पूल वाहून गेला त्या वेळी तीन दिवस सगळ्या दरीचे बोलणे त्या एका अँटेनातून गेले, ही हकीकत क्लबात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात ऐकवली जाते. पुढे त्याच्या जागी नवा आला. पण तो उतरवण्याची भाषा कोणी काढली नाही. उलट दरवर्षी देखभालीच्या दिवशी जो वर चढे तो त्याला रंगाचा एक हात देऊन येई. गेल्या वर्षी रंग मी निवडला होता. चंदेरी. उन्हात तो खालूनही लखलखत असे, आणि मान वर करून त्याकडे पाहताना आपण कोणाचे वारस आहोत हे मला न सांगता कळत असे.

साडेबारापर्यंत सर्व जोडून झाले. सहा डबे मांडणीवर ओळीने उभे राहिले. प्रत्येक कांडीच्या नटावर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. नट हलला तर ठिपका फुटून दिसावा म्हणून. मोठेकाका दारामागे, वारा लागणार नाही अशा जागी, रिकाम्या खोक्यावर आपली उशी टाकून बसले. मी बटण दाबले. यंत्रातला पंखा फिरू लागला. सेक्रेटरींनी ठरलेल्या वेळी बाईंना बोलवायला सांगितले होते, आणि त्या वेळेच्या पक्क्या निघाल्या.

"हॅलो, माथा... ऐकू... का... मी दवा... बोल..."

आवाज येत होता, तुटत होता, पुन्हा येत होता, एका विशिष्ट लयीत, सेकंदातून दोनदा. यंत्र त्यांना ऐके, बोलू लागे, बोलू लागताच बहिरे होई, बहिरे होताच गप्प बसे, आणि गप्प बसताच पुन्हा ऐके.

"उचकी लागली," ताई म्हणाली. "पाणी पाज त्याला."

कोणी हसले नाही. ही खूण प्रत्येक रिपीटरवाल्याला पाठ असते, आणि तिचा अर्थही: डबे नीट जुळलेले नाहीत.

"डबे," सेक्रेटरी म्हणाले.

"डबे," मोठेकाकाही म्हणाले. पण त्यांच्या सुरात प्रश्न होता.

"घरच्या उबेत जुळवलेस ना? इथल्या गारठ्यात सरकले असतील," सेक्रेटरींनी मांडणीतला पाना उचलला. "दोन-दोन फेरे देऊन बघू. लागलं तर लागलं."

मी स्वतःविषयी नेहमी वाईटाचीच खात्री बाळगणारा माणूस आहे. कोणी माझी चूक दाखवली की ती तपासण्याआधीच मला पटते. त्या क्षणीही पटली. पण माझी नजर त्या सहा ठिपक्यांवर गेली. एकही फुटलेला नव्हता. मागच्या हिवाळ्यात मी हे डबे रात्रभर गच्चीवर ठेवून पहाटे मोजले होते, दुपारी कडक उन्हात ठेवून पुन्हा मोजले होते. या खोलीतल्या कोणालाही, मला स्वतःलाही, त्या आकड्यांपेक्षा अधिक माहिती नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"डब्यांना हात लावायचा नाही."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ताई वळून पाहू लागली. सेक्रेटरींनी पाना हळूच जागेवर ठेवला, जणू तो त्यांनी उचललाच नव्हता.

"बरं बाबा," ते म्हणाले. "मग कशाला लावायचा?"

मी अँटेनाची केबल काढली आणि तिच्या जागी डमी लोड जोडला. हा एक जाड, पाकळ्यापाकळ्यांचा ठोकळा असतो. यंत्र जे काही बोलेल ते तो गिळतो आणि उष्णता करून टाकतो, बाहेर काहीही जाऊ देत नाही. मग सिग्नल जनरेटरमधून, बाईंचा येत होता तेवढाच क्षीण सिग्नल, एका छोट्या जोडणीतून आत सोडला. यंत्राने तो ऐकला. बोलू लागले. आणि ऐकतच राहिले. एक मिनिट, दोन, पाच. उचकी नाही.

मोठेकाका उशीवरून पुढे झुकले. "पुन्हा कर."

पुन्हा केले. सिग्नल आणखी क्षीण केला. पुन्हा तेच.

"डबे निर्दोष," ते म्हणाले, आणि पाठ भिंतीला टेकली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण तो शब्द त्यांनी सेक्रेटरींकडे पाहून उच्चारला, न्यायाधीशासारखा, आणि त्या क्षणी मला ते डबे परत घरी न्यावे लागले असते तरी चालले असते. निदान मला तसे वाटले.

"आनंद आहे," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे दोष बाहेर आहे. कुठे, ते माहीत नाही. आणि वाजले दोन. माझी पेटी कमी ताकदीची आहे. तिला उचकी लागणार नाही. अर्धी दरी तरी मिळेल."

"बाई उरलेल्या अर्ध्यात आहेत," मी म्हणालो.

"त्या टेकाडावर चढून बोलतील."

"पेशंट घेऊन?"

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना फक्त संध्याकाळची काळजी होती, आणि ती खरी होती.

ताईने पट्टे चढवले, हेल्मेट घातले, आणि माझ्यापुढे तळहात पसरला. तिचा नियम आहे: ती वर असेतो यंत्राचा फ्यूज तिच्या खिशात. मी तो काढून दिला. साठ फूट ती अशी चढली जशी इतर माणसे आपल्या घरचा जिना चढतात, आणि खाली उभा राहून मी नेहमीप्रमाणे माझेच हात घट्ट मिटून घेतले. टोकाशी तिने केबलचा जोड उघडला, पाहिला, पुसला, पुन्हा बंद केला. उतरताना मात्र ती मध्यावर थांबली. बराच वेळ थांबली. कमरेची दोरी सोडून तिने तिचे एक टोक तिथे बांधले आणि दुसरे खाली सोडले.

खाली आल्यावर तिने मला खोलीपासून दूर, जीपच्या आडोशाला नेले.

"तुझा अँटेना ठणठणीत आहे. जोड कोरडा, घट्ट. बाबांचा मात्र डुलतोय. बघून कळत नाही, पण हात लावला की पकडीत कुरकुर लागते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. सैल, गंजलेला सांधा जोरदार लहरींत सापडला की तो स्वतःच एक लहानसा, बेसूर ट्रान्समीटर होऊन खरखर फेकू लागतो, आणि शेजारचे यंत्र तिनेच बहिरे होते. पुस्तकात मी ते वाचले होते. गेल्या तीन तासांत ते मला आठवले नव्हते. कारण त्या अँटेनाकडे दोषाच्या नजरेने पाहायचे असते हे माझ्या मनातच आले नव्हते.

"दोरी कशाला?"

"ओढून बघ म्हणून. फ्यूज घे."

दोरी खाली लोंबत होती. आत जाऊन मी अँटेनाची केबल पुन्हा जोडली, यंत्र सुरू केले, ट्रान्समीटर चालू ठेवला, रिसीव्हरचा आवाज मोठा केला. स्पीकरमधून खरखर येऊ लागली, वाऱ्याच्या झोताबरोबर कमी-जास्त होणारी. मी बाहेर येऊन दोरी ताणली. खरखर थांबली. सोडली, सुरू झाली. ताणली, थांबली.

"काय केलंस रे?" आतून मोठेकाकांचा आवाज आला. त्यांना टॉवर दिसत नव्हता. "आत्ता गप्प झालं बघ!"

सेक्रेटरी माझ्या शेजारी आले. वर पाहिले, दोरीकडे पाहिले, सगळे समजले, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बांधून टाक."

"अं?"

"घट्ट ओढ आणि टॉवरच्या पायाला बांध. चाराला पंचवीस मिनिटं कमी आहेत. यंत्र तुझं चाललं, बाई बोलल्या, आणि त्यांना" (त्यांनी खोलीकडे डोळ्यांनी खूण केली) "काही कळायची गरज नाही. म्हातारपणी कशाला जिवाला लावायचं कोणाच्या?"

मी बांधली. हे लपवून उपयोग नाही; मी दोरी ताणली, दोन वेढे घेतले आणि गाठ मारली, आणि मोठ्या समाधानाने मारली. ताई दगडावर बसून हेल्मेटचा पट्टा सोडत होती. आम्ही आत गेलो. बाईंना बोलावले. "माथा, माथा, स्वच्छ येतंय, अगदी शेजारी बसल्यासारखं," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या आणि माझी पाठ थोपटली. माझे यंत्र राहणार होते. माझ्या दोन वर्षांना जागा मिळाली होती.

"झालं?" मोठेकाकांनी विचारले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि त्यांनी फडके काढण्यासाठी खिशाकडे हात नेला होता.

इथे होय म्हणायचे होते. त्या एका अक्षरजोडीत सगळे बसत होते: त्यांचा मान, माझा मान, बाईंची सोय, घाटातला उजेड. पण ती दोरी नायलॉनची होती. वर्षभराच्या उन्हाने ती विरणार, एखाद्या वादळात तुटणार, आणि त्या वादळातच बाईंना यंत्राची गरज पडणार. आणि दुसरे असे, की ज्या माणसाने मला तीन डबे मोडायला लावले त्याच्यापुढे मी गाठ मारलेली दोरी काम म्हणून ठेवत होतो.

"नाही झालं," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी डोळे मिटले.

"खरखर टॉवरवरून येतेय, काका. एका सांध्यातून. मी तो दोरीने ताणून धरलाय, म्हणून आत्ता गप्प आहे."

"कुठला सांधा?"

मी ताईकडे पाहिले. "माझ्याकडे बघू नकोस," ती हळूच म्हणाली. "माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. मला त्याचा रागच येतो, पण आज उपयोग कर."

"तुमच्या अँटेनाचा," मी म्हणालो.

वारा भोकातून वाजत होता. मोठेकाका भिंतीचा आधार घेत उठले. ताई हात द्यायला पुढे झाली. त्यांनी तो झिडकारला. लंगडत ते बाहेर गेले, टॉवरच्या पायाशी उभे राहिले, माझी गाठ पाहिली, आणि एका हाताने सोडवली.

"आवाज मोठा कर. दार उघडं ठेव."

खरखर. त्यांनी दोरी ओढली. शांत. सोडली. खरखर. ओढली. शांत. सोडली. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजले नाही. लेथवरच्या तुकड्याचा व्यास पुन्हा पुन्हा मोजणाऱ्या माणसाची ती मुद्रा होती; दुःखाला त्यात अजून वाट मिळाली नव्हती.

"एकोणीस वर्षं यातून हू की चू झालं नाही," ते अखेर म्हणाले. "मी ती पकड घट्ट आवळली होती. ग्रीस भरून. ती सैल कशी होईल?"

त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

"ग्रीस कोणी काढलं?"

"काढलं नाही, काका," मी म्हणालो. "रंग देताना... पुसलं जात असेल. रंग धरावा म्हणून आम्ही आधी पुसून घेतो."

"रंग?" ते माझ्याकडे वळले. "पकडीवर रंग?"

"सगळ्यावरच."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मला वाटायचं, तुम्ही नुसत्या नळ्यांना लावता. उन्हापासून." त्यांचा आवाज चढला. "अरे गाढवांनो! सांध्यावर रंग चढवला की पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही. आतल्या आत गंजतो तो. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलालाही हे माहीत असतं. कोणाची अक्कल ही?"

"मानाने लावत होतो हो," सेक्रेटरी पुटपुटले. "तुमचा म्हणून."

"माझा म्हणून! पुतळा केलात माझा? काम संपलं होतं त्याचं, तेव्हाच खाली आणायचा होता. मी वाट बघत होतो, आज आणतील, उद्या आणतील. स्वतः कसं सांगू, की माझा काढा? आणि तुम्ही तिकडे बारा वर्षं त्याला पावडर लावत बसलात!"

ताईने खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, आणि ते पाहून मोठेकाकांच्या मानेवरची ती घडीही हलली.

"चार वाजून गेले," सेक्रेटरी फार हळू म्हणाले.

"घड्याळ खिशात घाला," मोठेकाका म्हणाले. "फ्यूज दे तिला. चढ गं. आणि पकडीसकट आण, नळ्या वाकवू नकोस."

दोरीने बांधलेला तो अँटेना इंचाइंचाने खाली आला. मोठेकाकांनी दोन्ही हातांनी तो झेलला आणि जीपच्या बॉनेटवर आडवा ठेवला. चाकूने पकडीवरचा रंग खरवडला: चंदेरी, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा, मग पुन्हा हिरवा, आणि सर्वांत खाली तपकिरी भुगा, जो फुंकरीने उडून गेला. मग त्यांनी नळ्यांचा मधला सांधा साफ केला, जो त्यांनी स्वतः भरला होता. तांबे नव्यासारखे तांबूस उघडे पडले. सांध्यावर एक भेग नव्हती.

"हे बघ," त्यांनी मला बोलावले आणि माझे बोट धरून त्या सांध्यावरून फिरवले. "लागतंय काही?"

"नाही."

"एकतीस वर्षं झाली याला." त्यांनी मान ताठ केली. "गंजलाय तो तुमचा रंग. माझं काम नाही गंजलं."

नंतर आम्ही आत गेलो. ताईने फ्यूज परत दिला. मी यंत्र सुरू केले, आणि या वेळी बाईंना बोलवायची गरज पडली नाही. त्या आधीच बोलत होत्या. दरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या रुग्णवाहिकेचे टायर बसले होते, आणि ड्रायव्हर त्यांना जॅक नीट लागत नसल्याचे सांगत होता. गाडीत दोन पेशंट होते. बाई विचारत होत्या, सलाईन किती उरले आहे. ड्रायव्हर सांगत होता, बाटली अर्धी, पण दगड सापडत नाही चाकाखाली लावायला. बाई म्हणत होत्या, दगड नाही सापडत या दरीत, दगड? दोघांचे आवाज आमच्या सहा डब्यांतून जात-येत होते, न तुटता, न अडखळता. सेक्रेटरींनी आपली पेटी परत नेण्याचा विषय काढला नाही. त्यांनी माझी रजई त्या खोक्यावर टाकून त्यावर बैठक मारली.

"आपण आहोत हे सांगायचं का त्यांना?" त्यांनी विचारले.

"कशाला?" मोठेकाका म्हणाले.

आम्ही ऐकत राहिलो. दगड सापडला. जॅक लागला. नट निघेना, मग निघाला. अकरा मिनिटे ती दोघे बोलली. मोठेकाका माझ्याकडे वळले.

"यंत्राबद्दल काही बोलली का ती?"

"नाही."

"आवाज चांगला येतोय, वगैरे?"

"एक शब्दही नाही."

"मग बसलं," ते म्हणाले, आणि मऊ फडके काढून त्यांनी ते मला दिले नाही; स्वतः उठून सहाही डबे एकेक करून पुसले, ठिपक्यांना धक्का न लावता. मी ते पाहत उभा राहिलो. माझा अभिमान इतका मोठा झाला होता की त्या खोलीत हालचाल करायला मला भीती वाटत होती.

"निघालो," स्पीकरमधून ड्रायव्हर म्हणाला. "पोचलो की सांगतो."

बाहेर ऊन कड्यावरून सरकत चालले होते आणि घाट आमची वाट पाहत होता. सेक्रेटरींनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा मोठेकाकांकडे, आणि पुन्हा खाली बसले. तो पोचेपर्यंत आमच्यापैकी कोणीही उठले नाही.